दुपारचं शून्य

१

"एक थेंब पडला नाही त्या मेल्या ढगाचा. माझी कंबर मात्र गेली ती गेलीच."

पोंग्न्ये आजीचं हे गाऱ्हाणं योमबाईंच्या अगदी कानाशी चाललं होतं. गाल्दो बेटाच्या समाजघरात म्हाताऱ्या लसणाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या, आणि जागा इतकी तोकडी की एकीचं कोपर दुसरीच्या बरगडीत. अंगणभर वाळत घातलेला लसूण धावतपळत आत घ्यायचा आणि पुन्हा बाहेर मांडायचा, या वयात हे काय खेळ आहेत का, असं आजींचं म्हणणं.

योमबाईंनी हं हं केलं. त्या बेटावरच्या पोलीस चौकीच्या प्रमुख. चौकीत दुसरा एक हवालदार होता आणि तो बहिणीच्या लग्नाला गेला होता, म्हणजे सध्या चौकी म्हणजे त्या एकट्याच. त्यांना लसणात रस नव्हता, कमरेतही नव्हता. त्यांना बॅटऱ्यांबद्दल कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि सकाळपासून बॅटऱ्या सोडून सगळ्यांबद्दल बोलणं झालं होतं.

"समोर एवढी काळी ताटं उन्हाला लावून ठेवलीत," पलीकडची म्हणाली, "आणि पंख्याचं बिल मात्र आम्हाला पार मोकपो शहरातून येतं. हे कुठलं गणित?"

"अध्यक्षांना विचार."

"अध्यक्ष म्हणतात बॅटरी, बॅटरी. आता तीही गेली."

आणि एकदम जुड्या करकचून बांधल्या जाऊ लागल्या.

झालं होतं ते असं. पाच वर्षांपूर्वी गाल्दोच्या लोकांनी आपली मिठागरं मोडून तिथे सौर पाट्या उभ्या केल्या. संघ काढला, मेंग इन्चोल अध्यक्ष झाले, आणि घरटी उन्हाच्या कमाईचा वाटा मिळू लागला. पहिली दोन वर्षं झकास गेली. मग शेजारच्या प्रत्येक बेटाने तेच केलं. ऊन सगळ्यांकडे उदंड, पण मुख्य भूमीकडे, मोकपोला, वीज नेणारी तार एकच. ती भरली की तिकडून हुकूम येई: बंद करा. आणि ती भरायची नेमकी भर दुपारी, जेव्हा ऊन सर्वात चांगलं. वाटा बारीक होत गेला. त्यावर अध्यक्षांनी उपाय काढला बॅटऱ्यांचा. दुपारची वीज साठवायची आणि संध्याकाळी विकायची. थंडी संपता संपता बॅटऱ्या आल्या, बोटीवरून उतरवताना सगळं बेट टाळ्या वाजवायला धक्क्यावर हजर होतं.

आणि बुधवारी दुपारी बॅटरीघरात गुडघाभर मिठवणी सापडली. समुद्राचं साधं पाणी नव्हे, वाफ्यांमध्ये आठवडेच्या आठवडे आटवलेलं, जिभेला चटका देणारं दाट खारं पाणी. बॅटऱ्या जागच्या जागी मेल्या.

बेटावर वाफे उरलेत एकाच माणसाचे. ग्वाक पान्सोक. संघाच्या जमिनीच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर भाडेपट्ट्याने मीठ पिकवणारा, पाट्यांना रोज शिव्या घालणारा म्हातारा. शनिवारी संघाची सभा होती. ग्वाक काकांचा पट्टा रद्द करायचा आणि तिथेही पाट्या लावायच्या, असा ठराव तयारच होता. योमबाईंच्या वरिष्ठांनाही शनिवारपर्यंत अहवाल हवा होता. "साधी गोष्ट आहे," ते फोनवर म्हणाले होते, "माणूस एकच, राग जुना, पाणी त्याचं. तुम्हाला अडतंय काय?"

अडत असं काही नव्हतं. फक्त बुधवारी दुपारी कुठे होतो, एवढंच ग्वाक काका सांगायला तयार नव्हते.

२

"माझं शिक्षण वीज तयार करण्याचं," प्यो म्हणाला, "आणि पगार ती बंद करण्याचा."

प्यो हा संघाने मुख्य भूमीवरून आणलेला तंत्रज्ञ. तिशीचा, पडेल खांद्यांचा. पाट्यांच्या एका टोकाला त्याची पत्र्याची खोली होती. तिच्यात एक पडदा, एक खुर्ची आणि कागदी पेल्यांचा डोंगर. त्याने योमबाईंना पूड-कॉफी ढवळून दिली, कॉफीच्याच पाकिटाने.

"बुधवारी कोण कोण होतं आत?"

"मी आणि अध्यक्ष. अध्यक्ष रोज येतात दुपारी. हुकूम आला की आकडा खाली येताना बघत उभे राहतात. मी म्हणतो, काका, कशाला त्रास करून घेता? तर म्हणतात, आजाऱ्याच्या उशाशी कुणीतरी असावं." तो हसला नाही. "मग एक फेरी मारतात कुंपणाच्या कडेने, आणि घरी जातात. मी इथेच. मोकपोच्या साहेबांच्या शिव्या खात होतो फोनवर, हवं तर त्यांनाच विचारा, त्यांना पाठ असतील."

फाटकावर कॅमेरा होता. त्यात बाहेरचं कुणी आत आलेलं दिसत नव्हतं. म्हणजे जो कोणी आला तो वाफ्यांच्या बाजूने, मधला बांध ओलांडून. म्हणजे पुन्हा ग्वाक काकाच.

"हवा कशी होती?" योमबाईंनी उगाच विचारलं.

"स्वच्छ." त्याने पडद्यावरची बुधवारच्या विजेची रेघ दाखवली. सकाळी डोंगरासारखी चढलेली, मग एकदम कोसळलेली आणि पुढे तळाला लागून सपाट. "ढगाची सावली गेली तरी रेघ थरथरते. ही बघा, दुपारभर हललीसुद्धा नाही."

योमबाईंनी मान डोलावली आणि त्या बॅटरीघराकडे निघाल्या.

बॅटरीघर म्हणजे मुळातलं जुनं टाकं. मिठागरात पावसाची चाहूल लागली की वाफ्यांतली मिठवणी सोडून देतात ती झाकलेल्या टाक्यात. अर्धं जमिनीत, वर ठेंगणं छप्पर. पाऊस पडून मिठवणी पातळ झाली तर आठवड्यांचं ऊन फुकट जातं, म्हणून. संघाने नवी इमारत बांधण्याचा खर्च वाचवला, याच टाक्याला फरशी घातली आणि कपाटांसारख्या बॅटऱ्या आत रचल्या. वाफ्यांकडून येणारी मोरी मात्र तशीच राहिली. तिच्या वरच्या तोंडाशी, वाफ्यांच्या रांगेगणिक एक, पाणी अडवणारे जुनेच लाकडी दट्टे.

आत आता पांढरा थर चढला होता आणि जळक्या बटणांसारखा वास येत होता. योमबाई बांधावर चढून पलीकडे उतरल्या. शेवटची रांग, जिथे मीठ धरतं ते वाफे, ठणठणीत रिकामे. मधली रांग अर्धी रिकामी. त्यापलीकडचं पातळ पाणी जसंच्या तसं. दहा पावलांवर समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या दरवाजाचं चाक होतं. ते फिरवलं असतं तर भरतीने बॅटऱ्याच काय, पाट्यांचे खांबही बुडवले असते. चाकावरचं कोळिष्टक शाबूत होतं. बाजूला रखरखत्या उन्हात मिठाचा ढीग, वरून करड्या ताडपत्रीने झाकलेला, कडांवर दगड मांडलेले.

मोडतोड करायला आलेला माणूस घाईत असतो, रागात असतो. त्याने दट्टे उपटून फेकले असते.

मधल्या रांगेचा दट्ट्या योमबाईंनी ओढून पाहिला. निघेना. तो परत बसवलेला होता, आणि वरून टाचेने नीट दाबलेला.

३

"मीच केलं असं लिहा," थाक मिहवा म्हणाली, "निदान तुरुंगात पंख्याचं बिल तरी मला नाही भरावं लागणार."

थाक मिहवाचा समुद्रशेवाळ वाळवण्याचा कारखाना रस्त्याच्या या बाजूला, सौर पाट्या त्या बाजूला. नवऱ्यामागे तिने तो एकटीने चालवला होता, आणि विजेच्या बिलाने आता तो तिला चालवत होता. कारखान्यातल्या यंत्रांच्या घरघरीत दोघी ओरडूनच बोलत होत्या.

"तुम्ही म्हणाला होतात म्हणे, एक दिवस तार ओढून घेईन."

"म्हणाले होते. आजही म्हणते. रोज दुपारी माझ्या डोळ्यांदेखत ते वीज बंद करतात, योमबाई. फुकट घालवतात. मी म्हटलं, रस्त्यावरून एक तार टाकू द्या, मी दुपारी यंत्रं चालवीन, तुम्हाला दोन पैसे सुटतील, मला दोन वाचतील. तर नियमात बसत नाही. वीज आधी मोकपोला जायला हवी, मग तिथून मला यायला हवी. आणि मोकपोला जाता येत नाही, कारण तार भरलीय." तिने हातातलं शेवाळ आपटलं. "तहानलेल्याला विहिरीच्या काठावर बसवून सांगायचं, पाणी मिळेल, पण शहरातून."

"मग बॅटऱ्या बुडाल्या याचं तुम्हाला बरं वाटलं असेल."

"मला कशाला बरं वाटेल? माझाही वाटा होता त्यात." तिने आपटलेलं शेवाळ पुन्हा उचललं. "ग्वाक भावजींनी केलं असेल असं मला वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला विचारतो कोण."

"बुधवारी काही पाहिलंत?"

"दुपारी मी यंत्रापाशी. सकाळी वर कार्यालयात होते, पण पडदा ओढून. त्यांचा मिठाचा ढीग उन्हात असा चमकत होता की आकडे दिसेनात मला. मेलं नुसतं पांढरं फटक. आणि हो, पहाटे भावजी स्वतःच्या होडीने गेले. अंगात लग्नाचा कोट."

"कोट?"

"बायको गेली तेव्हासुद्धा घातला नव्हता तो कोट, इतका जपून ठेवलेला. परत कधी आले, नाही पाहिलं. गाव म्हणतं दुपारच्या आतच आले असतील."

योमबाई दारापर्यंत गेल्या आणि तिथेच घुटमळल्या. काहीतरी चुकत होतं. मिहवाने आत्ता जे सांगितलं त्यात एक गोष्ट अशी होती की जी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वेगळी पाहिली होती. पण यंत्रांच्या घरघरीत ती हाताला लागेना.

४

ग्वाक काका वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून लाकडी फावड्याने चिखल सारखा करत होते. नव्याने पाणी भरायला सुरुवात केली होती. पट्टा शनिवारी जाणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी.

"काका, मला मदत करा ना जरा."

"मदत करायचीच तर तू कर, फावडं त्या तिथे आहे."

"बुधवारी कुठे होता?"

"समुद्रावर."

"कोट घालून?"

फावडं थांबलं. मग पुन्हा चालू झालं. "मिहवाला सांग, दुर्बीण घे म्हणावं. चांगली दिसेल तिला."

"मेंग काकांचं आणि तुमचं पहिल्यापासूनच वाकडं का?"

"वाकडं?" म्हातारा थुंकला. "तीस वर्षं या एकाच आगरात राबलो आम्ही. तो त्या बाजूने, मी या बाजूने. पाच वर्षं बोलत नाही, एवढंच. त्या मोरीचं तोंड सिमेंटने बंद करा म्हणून चार माणसांकरवी निरोप धाडला मी. म्हणे, खर्च कशाला, ग्वाकचं नवं टाकं आता पलीकडे आहे, इकडचे दट्टे कोण काढणार? घ्या. काढले कुणीतरी."

"म्हणजे तुम्ही असता तर पलीकडचे, नव्या टाक्याचे काढले असते."

"मी असतो तर," ग्वाक काका म्हणाले आणि चिखलावर फावडं ओढू लागले.

योमबाईंचा संयम सुटत चालला होता. हा माणूस स्वतःचा गळा स्वतःच आवळत होता आणि वर सोडवणाऱ्यावर गुरगुरत होता. त्यांच्या खोपटाच्या दाराला कुलूप होतं. खिडकीतून निळ्या ताडपत्र्यांच्या घड्या दिसत होत्या.

"ताडपत्र्या नेहमी कुलपात?"

"चोरीला जातात. जाताना कुलूप, आल्यावर उघडतो."

"बुधवारी जाताना ढीग झाकून गेला होतात?"

काकांनी फावड्याचा चिखल झटकला. "आलो तेव्हा झाकलेला होता," ते शेवटी म्हणाले, आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला चालते झाले.

योमबाईंना त्यांच्या पाठीवर ओरडायचं होतं. तेवढ्यात वाफ्यावरचा उजेड गेला. पाण्याच्या आरशात करडा ढग सरकत आला, वारा पडला, आणि मानेवर तो ओला गारवा आला.

पुढचं त्यांनी केलं असं म्हणता येणार नाही. ते झालं. भानावर आल्या तेव्हा त्या वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला गुडघ्यांवर होत्या, पँट चिखलात, आणि हातात ओला दट्ट्या. पाणी नव्या टाक्याकडे खळखळत निघालं होतं.

ढग निघून गेला. पाऊस नाहीच.

ग्वाक काका फावड्यावर रेलून त्यांच्याकडे बघत होते. तोंडावर पहिल्यांदाच हसू होतं. "कोणाची पोर तू?"

"मुल्मे बेटाची," योमबाई धापा टाकत म्हणाल्या. "आई दुसऱ्यांच्या आगरात राबायची. मला मिठाचा तिटकारा आहे, काका. तीस वर्षांत हात लावला नाही."

"हात कुठे तुला विचारतात."

योमबाई दट्ट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो परत बसवला आणि, आपण काय करतोय हे कळायच्या आत, वरून टाचेने नीट दाबला.

५

"कुठला ढग, म्हणजे?" पोंग्न्ये आजी म्हणाली. "बुधवारचा. दुपारी जेवायला बसले आणि आला. सगळा लसूण आत घेतला, हात धुते तर बाहेर ऊन. काल सांगत होते तेव्हा लक्ष कुठे होतं तुझं?"

लक्ष बॅटऱ्यांवर होतं, आणि नंतर भरवसा प्योच्या रेघेवर. योमबाई पुन्हा त्याच्या खोलीत गेल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं. "दुपारभर रेघ हलली नाही म्हणालात. ती इथे खाली, तळाला आहे."

"हो, शून्यावर. हुकूम आला होता ना."

"म्हणजे पाट्या बंद होत्या. मग वर ढग आला काय आणि पाऊस आला काय, रेघेला कसं कळणार?"

प्योने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नाही कळणार," तो हळूच म्हणाला. "अख्खं बेट झाकून जाईल इतक्या पाट्या आहेत इथे, आणि दुपारी आकाश कसं आहे ते आम्हाला खिडकीतून बघावं लागतं."

"आणखी एक. करडी ताडपत्री कुणाची?"

"आमची. बॅटऱ्या गुंडाळून आल्या होत्या त्यांत. कुंपणाच्या आत पडल्यात अजून." तो विचारात पडला. "एक कमी आहे खरी."

तिथून योमबाई मेंग इन्चोल यांच्या घरी गेल्या. अध्यक्ष व्हरांड्यात बसले होते, समोर जेवणाचं ताट तसंच. दोन दिवसांत माणूस आक्रसला होता. बोलायला त्यांच्याआधी त्यांची बायकोच सरसावली. "जेवत नाहीत, झोपत नाहीत. सगळ्यांचा पैसा होता ना तो. त्या ग्वाकने काही विचार केला का? तुम्ही पकडा त्याला एकदाचं."

"शनिवारी बघू, वहिनी," योमबाई म्हणाल्या. त्या बुटांत पाय घालायला वाकल्या आणि तिथेच थबकल्या.

दाराशी मिठाचं पोतं होतं. नवंकोरं. ताज्या मिठातून गळतं तसं कडवट पाणी पोत्याच्या बुडातून झिरपून पायरीवर ओघळलं होतं.

"हे कधी आलं?"

"काय माहीत. गुरुवारी सकाळी दार उघडलं तर होतं," बायको म्हणाली. "यांना म्हटलं आत घेऊ, तर हात लावू देत नाहीत."

मेंग काका पोत्याकडे बघत नव्हते. ते पोतं सोडून सगळीकडे बघत होते.

योमबाईंच्या आईच्या दारातही यायचं असं पोतं. ढग आल्यावर मालक जवळ नसेल तर जो जवळ असेल त्याने धावायचं, मग भांडण असो की कोर्टकज्जा. आणि मालकाने दुसऱ्या दिवशी धावणाऱ्याच्या दारात पोतं ठेवायचं. आभार मानायचे नाहीत, विषय काढायचा नाही. कुणी काढलाच तर दोघांनाही कमीपणा.

त्या काही न बोलता निघाल्या. सगळं समजलं होतं आणि त्याने त्यांना जराही बरं वाटलं नव्हतं.

६

सभेला समाजघर खच्चून भरलं. ग्वाक काका दाराशी, बूट न काढता. मेंग काका पुढच्या चटईवर, माईक हातात आणि आवाज गेलेला. ठराव वाचून झाला: पट्टा रद्द, तिथे नव्या पाट्या, त्यांच्या विजेतून बॅटऱ्यांची भरपाई. कुणी मान वर केली नाही. हात वर जायला लागणार तेवढ्यात योमबाई उभ्या राहिल्या.

"मतदानाआधी माझं ऐका. नंतर मला शिव्या द्या." त्यांनी घसा साफ केला. "बुधवारी दुपारी ढग आला होता. पोंग्न्ये आजीला विचारा, तिची कंबर साक्षीला आहे."

थोडं हसणं झालं.

"ज्याने दट्टे काढले त्याने आधी सर्वात दाट मिठवणी सोडली, मग मधली. पातळ पाण्याला हात लावला नाही. शेजारी समुद्राचा दरवाजा होता. बुडवायचंच असतं तर एक चाक फिरवलं की काम झालं असतं. त्याने ते केलं नाही. उलट मध्येच थांबून दट्ट्या परत बसवला, टाचेने दाबला. आणि त्याआधी ग्वाक काकांचा मिठाचा ढीग झाकला. सकाळी तो उघडा होता, मिहवाच्या डोळ्यांत चमकत होता. काकांच्या निळ्या ताडपत्र्या कुलपात होत्या. झाकला तो संघाच्या करड्या ताडपत्रीने, कुंपणाच्या आतून आणलेल्या." त्यांनी श्वास घेतला. "हे बुडवायला आलेल्याचं काम नाही. हा मीठ वाचवायला धावला होता. जुन्या सवयीने जुने दट्टे काढले, कारण त्याच्या हातांच्या लेखी ते टाकं अजून टाकंच होतं. फाटकातून बाहेरचं कुणी आलं नाही. आत दोघेच होते. एक प्यो, ज्याला मिठातलं ओ की ठो कळत नाही."

"खरं आहे," प्यो भिंतीपाशी पुटपुटला.

दुसऱ्याचं नाव योमबाईंनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्यांनी पुढच्या चटईकडे बघायचं टाळलं आणि त्यामुळेच सगळ्यांना कळलं.

"ग्वाक भावजी," मिहवा वैतागून म्हणाली, "तुम्हाला ताडपत्री बघताच कळलं असेल. मग तोंड का शिवून बसलात? आगर जाणार होतं तुमचं."

"माझ्या मिठासाठी धावलेल्या माणसाचं नाव मी पोलिसात सांगू?"

"निदान कुठे होतात ते तरी सांगायचं."

म्हाताऱ्याने बुटांकडे पाहिलं. "मोकपोला," तो म्हणाला. "पाट्यांच्या कंपनीत. म्हटलं, हाडं दुखतात, मिठाला भाव नाही, माझ्याही तुकड्यावर तुमची काळी ताटं लावा. कोट घालून गेलो होतो, नीट दिसावं म्हणून." कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. "नको म्हणाले."

"नको?" पोंग्न्ये आजीने विचारलं. "ऊन नको?"

"तुमच्या अध्यक्षांना कारण माहीत आहे म्हणाले."

आता मात्र सगळ्यांनी पुढे पाहिलं. मेंग काकांनी माईक तोंडाशी नेला, मग खाली ठेवला.

"आकडा शून्यावर आला होता," ते म्हणाले. "रोजच्यासारखा. मी बांधाच्या कडेने चाललो होतो. ढग आला. मी धावलो. पान्सोकचा ढीग उघडा होता, तो झाकला, मग दट्टे काढले. पाच वर्षांत इतका बरा मी कधी धावलो नव्हतो. मग ऊन परत आलं आणि मला दिसलं की मी पाणी कुठे सोडतोय."

त्यांची बायको तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून बसली होती.

"हे मी त्याच दिवशी सांगितलं असतं. चूक कबूल करायला मी नाही घाबरलो." त्यांनी ठरावाचा कागद हातात घेतला आणि घडी घालू लागले. "पण कुणी बुडवल्या ते कळलं असतं तर पुढचं विचारलं असतं. बॅटऱ्या वाचल्या असत्या तर काय झालं असतं, असं. दोन महिने चालल्या त्या. भर दुपारी जेमतेम तासाभरात भरून जायच्या, आणि पुढे पुन्हा शून्य. संध्याकाळी विकायला जावं तर सगळ्या बेटांनी बॅटऱ्या घेतलेल्या, तार तेव्हाही भरलेली. नवी तार यायला माझं आयुष्य पुरणार नाही. मला ठाऊक होतं. प्योला ठाऊक होतं. तुमच्या हातात वाटा पडतो, तुम्हालाही ठाऊक होतं. म्हणून तर तुम्ही कुणी विचारलं नाही, की आहेत त्या पाट्या रोज बंद ठेवतो आणि नव्या कशाला लावतोय."

मेंग इन्चोल यांनी घडी केलेला कागद चटईवर ठेवला आणि पहिल्यांदाच दाराशी उभ्या असलेल्या ग्वाक पान्सोककडे सरळ पाहिलं.

"मीठ पडून राहिलं तरी मीठ राहतं, पान्सोक. आपलं ऊन कुणालाच नकोय."